मदत हवी आहे: जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, पण स्टीमवरचे गेम उघडता उघडता बंद पडायलेत

जिंतूरकर

नमस्कार मंडळी. जिंतूरहून लिहायलोय, जिल्हा परभणी. घरच्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलंय. बाकी सगळं झकास चालायलंय, नेमके गेम तेवढे अडलेत.

पीसी असा आहे: आय५ ७४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय (४ जीबी), २४० जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्डडिस्क. २०१८ ला घेतला तेव्हा गल्लीतली पोरं बघायला यायची. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा सातव्या पिढीचा. दुकानदाराचं एकच, नवीन घ्या. पण रॅमचे भाव दिवाळीपासून जे चढायलेत ते बघून गप बसलो. आमच्या सोयाबीनला असा भाव कधी लागतो काय की.

एसएसडी अर्धी करून विंडोज तसंच ठेवलंय आणि शेजारी मिंट टाकलंय. गेम आधीपासून हार्डडिस्कच्या डी ड्राइव्हवर आहेत. मिंटमधल्या स्टीमला (गेमचं ऑनलाइन दुकान) तोच ड्राइव्ह दाखवला, गेम यादीत आले. आता अडचणी:

जीटीए ५ चं प्ले दाबलं की हिरवं बटण निळं होतं, दहा-पंधरा सेकंदांत परत हिरवं. एरर नाही, काही नाही. सीएस २ चंही (काउंटर-स्ट्राइक) तेच.

मिंटमधूनच सुपरटक्सकार्ट उतरवलं, ते फुकटातलं गाड्यांचं. ते उघडतं, पण इतकं अडखळतं की पहिल्या वळणालाच गाडी भिंतीत.

वरून स्टीम दर वेळी ‘शेडर’ नावाचं काहीतरी उतरवत बसतं. आमच्याकडं मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, दुपारपर्यंत दिवसाचा डेटा साफ.

धाकटा भाऊ बारावीला आहे, त्याला सीएस २, जीटीए ५ आणि व्हॅलोरंट एवढंच पाहिजे. (अभ्यासाचं कुणी विचारू नका, घरात तेच चालू आहे.) हे जमण्यासारखं आहे का, की गपगुमान विंडोजवर परत जावं?

गोदाकाठ

जिंतूरकर भाऊ, तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

सिस्टम इन्फॉर्मेशन उघडून ‘ग्राफिक्स’मध्ये ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता लिहिलाय ते बघा, एनव्हिडिया की नूवो. स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतलं असेल तर फ्लॅटपॅक (वेगळ्या डब्यात बांधलेलं) आहे की सिस्टम पॅकेज? आणि डी ड्राइव्हवर मिंटमधून एखादं नवीन फोल्डर बनवता येतंय का?

पेंग्विन_उदगीरचा

ते सांगेपर्यंत शेडरचं मी सांगतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड्स’मध्ये शेडर प्री-कॅशिंग आहे, ते बंद करा. गेममधली दृश्यं कार्डाला समजतील अशा रूपात आधीच तयार करून स्टीम ती पाठवतं, म्हणजे खेळताना झटके बसत नाहीत. वायफाय असणाऱ्याला उत्तम. बंद केलं तर गेम पहिल्यांदा उघडायला वेळ घेईल आणि नव्या ठिकाणी गेलात की जरा अडकेल, मग सुरळीत. हॉटस्पॉटवाल्यानं बंदच ठेवावं.

जिंतूरकर

ड्रायव्हर नूवो लिहिलंय. स्टीम सिस्टम पॅकेज आहे. डी ड्राइव्हवर फोल्डर बनवायला गेलो तर ‘रीड-ओन्ली’ म्हणतंय! पण फाइली उघडतात, मागच्या वर्षीच्या लग्नाचे व्हिडिओ बघितले आत्ताच.

गोदाकाठ

मग बिघाड एक नाही, दोन आहेत. लिनक्स बिचारं फुकट बदनाम व्हायलंय.

पहिला ड्रायव्हरचा. नूवो हा बाहेरच्या मंडळींनी एनव्हिडियाच्या मदतीशिवाय, कार्डाची उकल करत करत लिहिलेला ड्रायव्हर. तुमचं कार्ड पास्कल घराण्यातलं. त्या पिढीत कार्डाचा वेग वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर लागतं, आणि ते नूवोला मिळालेलं नाही. त्यामुळं कार्ड चालू झाल्यावर ज्या मंद वेगावर असतं तिथंच राहतं. सुपरटक्सकार्ट म्हणून रडतंय. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, एनव्हिडियाचा ५८० क्रमांकाचा निवडा, रीस्टार्ट. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर मधे पासवर्ड ठेवायला सांगेल आणि रीस्टार्टला निळा पडदा येईल. तिथं ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा. घाईघाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही, आणि माणूस दोन दिवस डोकं खाजवत बसतो.

५८० ही मालिका तुमच्या कार्डासाठी शेवटची. ५९० पासून एनव्हिडियानं मॅक्सवेल आणि पास्कल सोडून दिलेत. म्हणून यूट्यूबवर कुणी कितीही सांगितलं तरी तुम्ही आर्च नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या नादी लागू नका. तिथं सगळं आपोआप पुढच्या आवृत्तीवर जातं, आणि एका अपडेटनंतर पडदा काळा. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे, त्याचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे. तिथंच थांबा.

दुसरा बिघाड डी ड्राइव्हचा. तो एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल पद्धतीचा आहे. विंडोज ‘शट डाउन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळं पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्ह आपल्याच ताब्यात असल्याची खूण मागं ठेवतं. लिनक्स ती खूण बघून फक्त वाचण्यापुरता ड्राइव्ह उघडतं. व्हिडिओ दिसतात, गेमला मात्र लिहायला जागा नाही, म्हणून तो उघडता उघडता मिटतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंद केलं की लिहिता येईल.

पण तरीही गेम एनटीएफएसवर ठेवू नका. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीममधली सोय) प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरात एक नकली सी ड्राइव्ह उभा करतो. त्यात ‘सी:’ अशा विसर्गासारख्या चिन्हाच्या नावाचे दुवे असतात, आणि विंडोजच्या फाइल पद्धतीत ते चिन्ह नावात चालत नाही. आज चाललं तर उद्या बिघडतं. हार्डडिस्कवर ई ड्राइव्ह रिकामा आहे का? असला तर तो मिंटच्या ‘डिस्क्स’मधून ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) करून टाका.

जिंतूरकर

ई वर आईचे भजनाचे ऑडिओ आहेत तेवढे, ते पेनड्राइव्हवर घेतो. पण जीटीए शंभर जीबीच्या वर आहे हो. परत उतरवायचा म्हणजे महिना जाईल.

गोदाकाठ

परत उतरवायची गरजच नाही. ई तयार झाला की स्टीममध्ये तिथं नवी लायब्ररी करा, जीटीए तिथं इन्स्टॉल करायला सुरुवात करून लगेच थांबवा. त्यानं ‘कॉमन’मध्ये गेमचं फोल्डर बनवलेलं असेल. स्टीम बंद करून डी वरच्या सगळ्या फाइली त्यात कॉपी करा. स्टीम परत उघडलं की ते आधी आहे ते तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं. सीएस २ ला थोडं जास्त उतरवावं लागेल, कारण त्याची लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती आहे, मध्ये प्रोटॉन येत नाही.

वेरूळचा_वाटसरू

एवढा खटाटोप कशाला? रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवा, अटी वगळून विंडोज ११ टाका, सातव्या पिढीवर आरामात चालतं. माझ्या मेव्हण्याच्या पीसीवर वर्षभर चालू आहे.

गोदाकाठ

चालतं, नाही कुठं म्हटलंय. पण दर मोठ्या अपडेटला पुन्हा तीच कसरत हातानं करायची, आणि मायक्रोसॉफ्ट ही वाट कधी बंद करेल याची हमी कुणाकडंच नाही. त्यात ८ जीबी रॅम. असो, धागा लिनक्सचा आहे, भांडण नको.

पेंग्विन_उदगीरचा

भांडण नाही, पण वाटसरू साहेबांच्या मनात जे लिनक्स आहे ते बहुतेक दहा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा मीही हेच म्हणालो असतो.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, पण त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा वाइनवर एखादा गेम चालला की हॉस्टेलभर दाखवत फिरायचो. आवाज नसायचा, अक्षरं गायब असायची, तरी चालला म्हणायचं. २०१३ ला स्टीम लिनक्सवर आलं, २०१५ ला स्टीम मशीन (लिनक्सवर चालणारे गेमचे पीसी) आल्या आणि आपटल्या. कारण साधं होतं. गेम कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळा गेम बनवावा अशी अपेक्षा, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी ते कोण करणार?

फिरलं ते यानंतर. २०१६ ला व्हल्कन (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची खुली भाषा) आलं, त्यावर डीएक्सव्हीके नावाचा दुभाषा उभा राहिला. गेम डायरेक्टएक्समध्ये कार्डाला हुकूम सोडतो, हा ते हुकूम जाग्यावर व्हल्कनमध्ये फिरवतो. वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकी जोडकाम एकत्र बांधून स्टीमवाल्या व्हाल्व कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन स्टीममध्येच घातला. कंपनीनं काही करायचं नाही, खेळणाऱ्यानंही काही करायचं नाही, प्ले दाबायचं. २०२२ ला स्टीम डेक (व्हाल्वचं हातात धरून खेळायचं यंत्र) आला, त्यात आर्चवर बेतलेलं स्टीमओएस. मग कंपन्याच आपला गेम डेकवर चालतो का हे बघायला लागल्या, आणि त्याचा फायदा जिंतूरच्या पीसीला. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान आहे, पण तो एक टक्क्याच्या आसपास रेंगाळताना आम्ही वर्षानुवर्षं बघितलाय.

एक मात्र आहे. डायरेक्टएक्स १२ चे नवे गेम एनव्हिडियावर विंडोजपेक्षा मागं पडतात, पास्कलवर तर जास्तच. तुमचे गेम त्यातले नाहीत. पुढंमागं कार्ड बदलायचं झालं तर जुनं एएमडी बघा, आरएक्स ५८० सारखं. त्याचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच असतो.

मांजराकाठची_मीनल

सगळ्यांनी ड्रायव्हर सांगितला, व्हॅलोरंटचं कुणी बोलेना. मी सांगते: नाही चालणार. प्रोटॉन बदलून नाही, काही टाकून नाही. त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात बसतं. लिनक्सवर तो कर्नलच नाही, तर बसणार कुठं?

भावाला आधीच सांगून ठेवा की अडचण गेमची नाही, चोर पकडणाऱ्या अँटी-चीटची आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेमवाल्याच्या हातात. एपेक्स लेजंड्स कितीतरी दिवस छान चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी त्याच्या ईए कंपनीनं लिनक्सला दार लावलं. जीटीए ऑनलाइनचंही तेच, सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर. फोर्टनाइट, पबजी यांचा नाद सोडा.

जीटीए ५ ची स्टोरी मात्र चालते. रॉकस्टारच्या लाँचरच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटलआय बंद करा, नाहीतर स्टोरीही अडू शकते. सीएस २ व्हाल्वचाच, त्यामुळं तिथं प्रश्न नाही. फक्त फेसइट नावाच्या बाहेरच्या साइटवरून खेळत असेल तर ते अँटी-चीट पुन्हा विंडोजचंच.

यापुढं गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर नाव टाकून बघा, खेळणाऱ्यांनी तिथं प्लॅटिनम, गोल्ड ते ‘बोर्क्ड’ असे शेरे दिलेले असतात. नुसता शेरा नका बघू, खाली तुमच्या कार्डवाल्यानं काय लिहिलंय ते वाचा. ऑनलाइन गेमसाठी ‘आर वी अँटी-चीट येट’ बघा. पैसे भरल्यावर बघण्यात अर्थ नाही.

जिंतूरकर

मंडळी, अपडेट देतो.

५८० बसला. निळा पडदा आला होता, ‘एनरोल’च दाबलं. सुपरटक्सकार्ट लोण्यासारखं चालायलंय, आईनं पण दोन चकरा मारल्या. ई ड्राइव्ह ईएक्सटी४ केला. जीटीएची कॉपी निम्म्यावर आली आणि लाइट गेली! इन्व्हर्टर आहे, पण पीसी त्याच्यावर नाही. लाइट आल्यावर परत कॉपी लावली, मग स्टीममधून फाइली तपासून घेतल्या, खराब झालेल्या तेवढ्याच त्यानं उतरवल्या. रात्री स्टोरी चालू झाली. मीडियम सेटिंगवर मस्त. सीएस २ पण चालतोय, धुराचा बॉम्ब फुटला की जरा हेलकावे खातो.

व्हॅलोरंटवरून घरात महाभारत झालं. शेवटी असं ठरलं की विंडोज तेवढ्यासाठी ठेवायचं.

मीनलताई, एक विचारायचं होतं. विंडोज १० ला आता अपडेट नाहीत, मग नुसतं गेमपुरतं ठेवलं तर धोका आहे का? फास्ट स्टार्टअप बंद केलंय.

मांजराकाठची_मीनल

विंडोज १० ला ईएसयूत (सपोर्ट संपल्यावरही अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतात, सेटिंगच्या अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसेल. ती करून घ्या. बँक, आधार, फॉर्म भरणं हे सगळं मिंटमधूनच करा, विंडोजमध्ये ब्राउझरला हातच लावायचा नाही. आणि धाकट्याला सांगा, ई ड्राइव्ह विंडोजमध्ये उघडणार नाही, ‘फॉरमॅट करायचं का’ असं मात्र विचारेल. तिथं चुकून हो म्हटलं तर जीटीए गेला.

जिंतूरकर

बाप रे, काल विचारलं होतं विंडोजनं मला तेच! आत्ताच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ई चं अक्षर काढून टाकतो, म्हणजे विचारायचंच बंद होईल.