एल्को आणि गुराख्यांची कविता

प्रश्न : अमेरिकेतील नेवाडा राज्यातून जाताना एल्को या गावी गुराख्यांचे काव्यवाचन ऐकण्याचा योग आला. यमकबद्ध, कथा सांगणाऱ्या त्या दीर्घ रचना बहुतेक जण कागद हाती न घेता म्हणत होते. ही परंपरा आली कुठून, आणि परिसराच्या इतिहासाशी तिचे नाते काय?

उत्तर : अमेरिकी यादवी युद्धानंतर टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत गुरांचे प्रचंड कळप हाकत नेले जात, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासात रात्रीच्या मुक्कामी गाणी व पद्ये तोंडोतोंडी पसरली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन या अमेरिकी शेतकऱ्याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले, कुरणांना कुंपणे पडली आणि मोकळ्या रानातून कळप हाकण्याचे ते दिवस सरत गेले. या कवितेतील हुरहुर मला तरी तिथलीच वाटते. एल्कोचे संमेलन मात्र १९८५ पासूनचे, म्हणजे तसे अलीकडचेच.

दुसरे उत्तर : यातील मेक्सिकन वारसा विसरू नये. नेवाडातील गुराख्यांसाठी रूढ असलेला ‘बकरू’ हा शब्द स्पॅनिश ‘वाकेरो’ (गुराखी) या शब्दावरूनच आला आहे. शिवाय तेथील डोंगरांत ॲस्पेन झाडांच्या सालींवर बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरील प्रदेशातून आलेल्या) मेंढपाळांनी कोरलेली नावे व तारखा आढळतात. वेळ असल्यास त्या अवश्य पाहाव्यात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. परतीच्या वाटेवर ती झाडे शोधीन.