रेडिएटर वरून गार की खालून? घरातल्या हीटिंगच्या बिघाडांचे अनुभव

थंडी सुरू झाली आणि हीटिंग लावलं, की बऱ्याच घरांत हीच तक्रार असते: बॉयलर (पाणी तापवून ते पाईपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवणारं यंत्र) चालतोय, पण खोली काही तापत नाही. मेकॅनिक लगेच मिळत नाही, आणि घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर ती रात्र फार जड जाते. तुमच्याकडे काय बिघडलं, ते कशावरून ओळखलंत आणि कशाने सुटलं, हे सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा रेडिएटर खालून कढत आणि वरून गार असायचा. वर हवा अडकली की असं होतं. हीटिंग बंद केलं, पाणी निवू दिलं, खाली फडकं धरलं आणि कडेच्या छोट्या चौकोनी तोटीला किल्ली लावून ती पाव फेरा सैल केली. आधी फुस्स आवाज, मग थुंकल्यासारखे थेंब, मग सलग पाणी. पाणी सलग आल्याबरोबर तोटी बंद केली. हवा काढली की प्रेशर उतरतं, म्हणून नंतर बॉयलरचा काटा जरूर पाहा. रेडिएटर छान तापला, पण काही आठवड्यांनी पुन्हा तेच! बाकीचे सगळे ठीक आहेत. असं का होत असेल?

* * *

एकाच रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा हवा भरत असेल तर ती हवाच आहे असं धरून चालू नका. आतलं लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो सगळ्यात उंचावरच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. तो पेट घेतो, त्यामुळे तोटी उघडताना जवळ मेणबत्ती, सिगारेट काही नको.

आमच्याकडे हेच निघालं. तोटीतून आलेलं पाणी मी पांढऱ्या वाटीत धरलं, तर ते शाईसारखं काळं होतं. थोडा वेळ वाटी तशीच ठेवली, तळाशी बारीक पूड बसली. वाटीखालून चुंबक सरकवलं, तर ती पूड त्याच्या मागोमाग सरकली. म्हणजे नुसती घाण नव्हे, तो लोखंडाचा काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. हा गाळ जड असल्यामुळे रेडिएटरच्या तळाशी मधोमध साचतो, आणि मग उलटं लक्षण दिसतं: वर गरम, खाली गार. अशा वेळी कितीही हवा काढा, उपयोग शून्य.

आम्ही सगळी यंत्रणा मशीन लावून धुऊन घेतली, गंजरोधक द्रव घातला आणि बॉयलरकडे परत येणाऱ्या पाईपवर चुंबकाचा फिल्टर बसवला. पहिल्यांदा तो फिल्टर उघडला तेव्हा चुंबकावर बोटभर जाडीचा चिखल होता. हे सगळं आपल्या बॉयलरमधून फिरत होतं, हे पाहून धसकाच बसला. ताई, तुम्ही आधी वाटीची परीक्षा करून बघा.

* * *

आमचं छोटं आहे. एकच रेडिएटर पूर्ण गार, बाकी सगळे गरम. अशा वेळी आकडे असलेली गोल मूठ (थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह) फिरवून काढा. खाली एक बारीक पिन दिसते. ती दाबली की आत जाऊन आपोआप वर यायला हवी. आमची आतच रुतली होती. व्हॉल्व्हच्या अंगावर हलके ठोके दिले, पिनेवर सिलिकॉनचा फवारा मारला, पान्ह्याच्या सपाट बाजूने दाबत राहिलो, सुटली. पकडीने ओढू मात्र नका, पिन निघून आली तर पाण्याची चिळकांडी उडते. उन्हाळाभर मूठ पूर्ण उघडी ठेवली तर पिन सहसा अडकत नाही.

* * *

प्रेशरबद्दल लिहायलाच हवं, कारण आम्हाला त्याने फार छळलं.

यंत्रणा गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर असतो. आमचा सारखा शून्याकडे यायचा आणि बॉयलर बंद पडायचा. भरायच्या जाळीदार नळीचे दोन्ही कॉक उघडून पाणी भरलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. पण असं भरत राहणं वाईट. दर वेळी ताज्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि वर सांगितलेला गंज वाढतो.

गळती शोधली. सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवला, हिरवे-पांढरे डाग पाहिले, फरशीची ओल पाहिली. काही नाही. मग एकदा हीटिंग चालू असताना काट्यासमोर उभी राहिले. गार असताना १.२ असलेला काटा तापता तापता जवळजवळ ३ वर गेला, आणि बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकायला लागलं. ३ बारला सुरक्षा झडप उघडते. तेवढं पाणी निघून गेलं की यंत्रणा निवल्यावर काटा खाली येणारच.

दोष एक्स्पान्शन व्हेसलचा होता. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा द्यायला या टाकीत रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. आमची हवा गेली होती. मेकॅनिकने पाण्याचं प्रेशर पूर्ण उतरवून सायकलच्या पंपासारख्या पंपाने ती भरली. त्याने आधी टाकीच्या नोझलची पिन दाबून पाहिली: नुसती हवा आली तर भरून भागतं, पाणी आलं तर पडदा फाटला, टाकी बदलायची.

* * *

मी हेच काम करतो, म्हणून थोडं स्पष्ट सांगतो. रेडिएटर, मुठी, काटा, थर्मोस्टॅटची बॅटरी, टायमर हे सगळं तुम्ही खुशाल पाहा. बॉयलरचं झाकण उघडू नका. बऱ्याच बॉयलरमध्ये ते झाकण ज्वलनाची जागा हवाबंद ठेवणारा भाग असतं. रीसेट एकदा-दोनदा दाबा, त्यापुढे दाबत बसू नका, पडद्यावरचा कोड लिहून ठेवा.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीही करायचं नाही. मीटरजवळचा कॉक बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेरूनच. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर पडलं की बरं वाटतं, असं घरातल्या एकाहून जास्त जणांना होत असेल तर बॉयलर बंद करून लगेच बाहेर पडा. ज्या घरात अलार्म नाही तिथे मी आधी त्याचंच बोलतो, दुरुस्तीचं नंतर.

* * *

वाटीत काळं पाणी आलं! चुंबकामागे पूडही सरकली. धुऊन घेण्यासाठी माणूस बोलावला आहे. मनापासून आभार.

* * *

कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुडगुडून बंद पडला तर बाहेर जाणारी पांढरी प्लास्टिकची नळी पाहा. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातून सोडतो. ते गोठलं की वाट बंद. आम्ही गरम पाण्याची पिशवी नळीच्या वळणावर धरली आणि कोमट पाणी ओतलं, उकळतं नाही, नळी तडकते. बर्फ सुटल्यावर रीसेट केला. नंतर बाहेरचा भाग जाड नळीचा करून वर आवरण चढवलं.

* * *

नळाला गरम पाणी येतं पण रेडिएटर गार, किंवा उन्हाळ्यात नळ सोडला की रेडिएटर तापतात: कॉम्बी बॉयलर (नळाचं आणि रेडिएटरचं पाणी एकच यंत्र तापवतं) असेल तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे उष्णता नळाच्या पाण्याकडे की रेडिएटरकडे वळवायची ते ठरवणारी झडप, तपासायला सांगा. आमचा अर्ध्यात अडकला होता.

* * *

बिघाड काहीच नाही आणि तरी शेवटची खोली कोमट, असं असेल तर मुठीच्या विरुद्ध टोकाला टोपीखाली जो व्हॉल्व्ह असतो तो बघा. पाणी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं ओढून घेतात. मी जवळचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळत गेलो, लांबचा पूर्ण उघडा ठेवला. दर वेळी पाव फेरा, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि दोन्ही टोकांच्या पाईपला हात लावून बघायचं. घाई केली तर काहीच कळत नाही. शनिवारची सगळी दुपार गेली, पण मुलीच्या खोलीतला वेगळा इलेक्ट्रिक हीटर काढून टाकता आला.