नवा बेल्ट टाकूनही चिवचिव परत आली: कोणती पुली गेली हे कसं ओळखायचं?

चौथा_गिअर
पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, 90 हजार किमी झालेत. थंड इंजिन सुरू केलं की बेल्टच्या बाजूने तुटक चिवचिव येते आणि रेस केली की ती भराभर होते. इंजिन तापल्यावर चिवचिव कमी होते, पण एक बारीक घरघर उरते. एसी लावला की ती घरघर जाड होते. 6पीके (सहा खाचांचा) बेल्ट नवीन टाकला, थोडे दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. आल्टरनेटर बदलायचा सल्ला मिळालाय. बेल्टवर क्रँक पुली, आल्टरनेटर, एसी कंप्रेसर, वॉटर पंप, एक आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली) आणि ऑटो टेन्शनर (स्प्रिंगने बेल्ट ताणून धरणारा) आहे. स्टिअरिंग इलेक्ट्रिक. रॅचेट, सॉकेट, टॉर्च एवढं सामान आहे. घरी काय काय तपासता येईल?

कानोसा
आल्टरनेटरला इतक्यात हात लावू नका. चिवचिव बेल्टची आहे, घरघर बेअरिंगची. पण दोन्हींच्या मुळाशी एकच पुली असू शकते: बेअरिंग सैल झालं की पुली किंचित तिरकी होते आणि बेल्ट खाचांच्या कडांना घासत चालतो. नवा बेल्ट काही काळ ते झाकून नेतो, इतकंच.

आधी पाण्याची चाचणी करा. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी थोडंसं मारा. आवाज लगेच गेला आणि पाणी उडून गेल्यावर परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला, किंचाळायला लागला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर आवाज बेल्टचा नाहीच. गंज सोडवायचा स्प्रे किंवा बेल्टवर मारायची कसलीही फवारणी वापरू नका. आवाज तात्पुरता दबतो, निदान चुकतं आणि तेलकटपणाने बेल्टही खराब होतो.

मग टेन्शनरचा दांडा बघा. आयडलवर हलका थरथरला तर ठीक. डोळ्याला स्पष्ट दिसेल असा मागे-पुढे नाचत असेल तर त्याच्या आतलं घर्षण संपलंय, नुसती स्प्रिंग उरलीय.

हे सगळं करताना बाही, ओढणी, केस, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब.

सहाखाची
पाण्याने दिशा कळते, पण नक्की कोणती पुली ते बेल्ट काढल्याशिवाय कळत नाही. इंजिन थंड असताना करा. आधी बेल्ट कुठून कसा जातो त्याचा फोटो काढा. परत लावताना एखादी पुली हमखास चुकते. टेन्शनरच्या दांड्यावर रॅचेटसाठी चौकोनी भोक किंवा षटकोनी डोकं असतं. तिथून ताण सोडवून बेल्ट उतरवा आणि एकेक पुली हाताने फिरवा.

आयडलर आणि टेन्शनरची पुली: चांगल्या बेअरिंगला ग्रीसचा किंचित अडसर लागतो, झटका दिला तर एक-दोन फेऱ्यांत थांबते. खूप वेळ सुळसुळत फिरत राहिली तर ग्रीस वाळलंय. बरेच जण हीच पुली "मस्त फिरतेय" म्हणून पास करतात. बोटांना खरखर लागली किंवा कडेला धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं.

वॉटर पंप: पुली वर-खाली हलवून बघा, खेळ शून्य हवा. पंपाच्या अंगावर, शाफ्टखालच्या बारीक भोकापाशी, वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला तर सील आणि बेअरिंग दोन्ही वाटेवर आहेत.

कंप्रेसर: एसी बंद असतानाही त्याची पुली बेअरिंगवर फिरतच असते. त्यामुळे एसी बंद करूनही घरघर राहिली म्हणून कंप्रेसरची पुली निर्दोष सुटत नाही.

आल्टरनेटर: हलकी सळसळ चालते, खरखर नाही. पुलीत एकेरी क्लच असेल तर रोटर धरल्यावर पुली एका दिशेला मोकळी फिरली पाहिजे, दुसऱ्या दिशेला पकडली पाहिजे. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे जाम असेल तर बहुतेक वेळा नुसती पुली बदलली की भागतं, अख्खा आल्टरनेटर नाही.

शेवटी बेल्टशिवाय इंजिन फार तर 30 सेकंद चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागणारच. आवाज पूर्ण गेला तर दोष वरच्यांपैकीच कुणाचा. राहिला तर इंजिनच्या आतल्या टायमिंग चेन किंवा बेल्टकडे, नाहीतर क्रँक पुलीकडे बघा.

कानोसा
त्या 30 सेकंदांवर जोर देतो, कारण वॉटर पंप याच बेल्टवर आहे. तो थांबला की कूलंट फिरत नाही आणि सिलिंडर हेडपाशी उष्णता साचते. तापमानाचा काटा तेवढ्या वेळात खरं सांगेलच असं नाही.

क्रँक पुलीबद्दल: आतला हब आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. रबर सुटलं की कडं डोल मारतं आणि चिवचिव अगदी बेल्टसारखी येते. हब, रबर आणि कड्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा, थोडी गाडी चालवा. रेघ तुटून सरकलेली दिसली तर पुली संपली. ते कडं चालत्या गाडीत निसटू शकतं, तेव्हा हे पुढे ढकलू नका.

चौथा_गिअर
केलं. पाणी मारल्यावर चिवचिव गेली, मिनिटभरात परत आली. बेल्टची एक कड उसवलीय आणि आयडलरच्या मागे काळी भुकटी साचलीय. आयडलर हाताला खरखरतो, कडेला धरला की टकटक हलतो. आल्टरनेटर, कंप्रेसर, पंप ठीक. बेल्टशिवाय इंजिन शांत. क्रँकची रेघ जागच्या जागी. आयडलरचं नुसतं बेअरिंग दाबून बसवलं तर चालेल का? त्यावर 6203 लिहिलंय.

सहाखाची
6203 म्हणजे 17 मिमी भोक, 40 मिमी बाहेरचा व्यास, 12 मिमी रुंदी. सहज मिळतं. घ्यायचं तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे 2आरएस घ्या. पण पुली प्लास्टिकची असेल तर माझं मत नको असंच आहे. बेअरिंग बहुधा प्लास्टिकमध्येच ओतून बसवलेलं असतं. ठोकून काढलं की बसायची जागा सैल होते आणि नवं बेअरिंगही तिरकं बसतं. पत्र्याची पुली असेल तर प्रेसवर बदलता येतं, फक्त दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर दिला तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

कानोसा
आयडलर अख्खा घ्या, आणि बेल्टही. कड उसवलेला बेल्ट नव्या पुलीवरही बाजूला ओढला जातो. टेन्शनरही तेवढाच चाललाय. दांडा नाचत असेल किंवा अडखळत परत येत असेल तर तोही यातच उरका. बसवण्याआधी खाचांमधली भुकटी कोरड्या ब्रशने काढा आणि आयडलरचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळा, अंदाजाने नाही. बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवर सहाही खाचा बसल्यात का ते टॉर्चने बघा, खास करून खालच्या क्रँक पुलीवर. तिथे एक खाच बाहेर राहिली तर वरून दिसत नाही.