स्ट्रेन एकच, मग टीएचसी कमी-जास्त का?

राळरंग (धागाकर्ता)
गांजाच्या स्ट्रेनचं, म्हणजे वाणाचं, नाव तेच, पण एका पाकिटावर टीएचसी (नशा आणणारं रसायन) १८ टक्के आणि दुसऱ्यावर २६ असं दिसलं की लोक लगेच बियाण्याला दोष देतात. मला ते साफ नामंजूर आहे. गांजाचं झाड कुठवर जाऊ शकेल एवढंच जनुकं ठरवतात. तिथवर ते पोचतं की नाही हे वाढवणाऱ्याच्या हातात असतं.

झाडात आधी सीबीजीए हे आम्ल तयार होतं. एका एन्झाइममुळे त्याचं टीएचसीए बनतं (तापवल्यावर त्याचंच टीएचसी होतं) आणि ते मादी फुलांवरच्या ट्रायकोममध्ये, म्हणजे बारीक देठावर बसलेल्या राळेच्या गोळ्यांमध्ये, साठतं. आता एकाच झाडाचा शेंड्याचा तुरा आणि खालच्या फांदीवरची सावलीतली फुलं वेगवेगळी तपासा. आकडे जुळत नाहीत, बहुतेक वेळा शेंडाच वरचढ ठरतो. जनुकं तर दोन्हीकडे तीच! शेजारी एखादं नर झाड राहून गेलं आणि परागण झालं, तर मादी झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि राळ घटते. कापणीचंही तसंच. भिंगातून पाहिलं तर ट्रायकोम आधी पारदर्शक, मग दुधाळ, शेवटी पिंगट दिसतात. घाई केली तर राळ पुरती भरलेली नसते. फार लांबवलं तर टीएचसीचं सीबीएन, म्हणजे फारशी नशा नसलेलं रसायन, व्हायला लागतं.

खरंखोटं
सपशेल असहमत. 'जनुकं तीच' हे तुम्ही गृहीत धरून चाललात, वाद तर तिथेच आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे ८१ आणि हेम्पचे (धाग्या-बियांसाठी लावतात ते, नशा नसलेले वाण) ४३ नमुने तपासले. गांजाचे सुमारे एक तृतीयांश नमुने आपल्याच नावाच्या नमुन्यांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांशी जास्त जुळले. २०१९ मध्ये अमेरिकेत ३० स्ट्रेनचे १२२ नमुने तपासले, तिथेही एकाच नावाखाली न जुळणारी झाडं निघाली. नाव काय, कुणीही छापतो. आणि बियांपासून वाढवलेली झाडं म्हणजे एकाच आईबापाची मुलं, नाकडोळे सारखे असतील पण प्रत्येक जण वेगळा. कलमाशिवाय, म्हणजे त्याच झाडाची फांदी तोडून लावल्याशिवाय, 'तोच स्ट्रेन' म्हणायलाच माझी हरकत आहे.

मोजमाप
तुम्ही दोघंही आकडा खरा धरून भांडताय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, जिथे गांजा कायद्याने विकतात, दुकानांतले २३ नमुने पुन्हा तपासले, तर साधारण ७० टक्के नमुन्यांतलं टीएचसी लेबलवरच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी भरलं. चढा आकडा देणारी लॅब शोधत फिरणारे उत्पादक आहेत, हे तिथे उघड बोललं जातं. तपासणीला शेंड्याचेच तुरे पाठवले तरी आकडा फुगतो.

लबाडी नसली तरी घोळ होतोच. कोरड्या वजनावर २० टक्के असलेल्या फुलांत १० टक्के ओलावा असेल, तर प्रत्यक्ष वजनावर ते १८ टक्केच भरतात. टीएचसीए तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणून टीएचसी काढताना ०.८७७ ने गुणावं लागतं. ते न करता नुसता टीएचसीएचा आकडा मोठ्या अक्षरात छापला की फूल आपोआप 'कडक' होतं. शिवाय आकडा तपासणीच्या दिवशीचा. साध्या खोलीत वर्षभर ठेवलं तर असलेल्या टीएचसीचा अंदाजे सहावा हिस्सा जातो.

राळरंग
मोजमाप, ओलाव्याचा मुद्दा बिनतोड. पण खरंखोटं, नेदरलँड्सचा औषधी गांजा बघा. २००३ पासून तो तिथल्या औषध दुकानांत मिळतो. बेड्रोकॅन या वाणावर टीएचसी २२ टक्के लिहिलेलं असतं. कलमांपासून, बंद खोलीत, ठरलेल्या प्रकाशात आणि तापमानात वाढवतात, म्हणून तो आकडा टिकतो. हीच कलमं उघड्यावर लावून बघा, टिकतोय का!

खरंखोटं
कलमं आहेत म्हणून टिकतो, हे तुम्हीच लिहिलंत. प्रकाशाचं एवढं कौतुकही नको. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच वाणाला कमी-जास्त तीव्रतेचा प्रकाश देऊन पाहिला. प्रकाश वाढला तसं फुलांचं वजन वाढत गेलं, पण शेंड्याच्या फुलांतलं टीएचसीचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. दिवे वाढवले की माल कडक होतो, हा समज आता तरी सोडा.

पानवेल
कलम म्हणजे तंतोतंत प्रत, हेही अर्धसत्य आहे. हॉप लेटंट वायरॉइड कुणीच कसा काढला नाही? विषाणूहूनही साधा, झाडांना रोग लावणारा हा जंतू, नुसतं आरएनएचं एवढंसं कडं, २५६ न्यूक्लिओटाइडचं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खुरटलेल्या गांजाच्या झाडांत तो सापडला. लागण झालेलं आईझाड वरून ठणठणीत दिसू शकतं. त्याची कलमं लावा, फुलं येतात, पण विरळ आणि लहान, ट्रायकोम कमी, टीएचसी घसरलेलं. जनुकं तीच, खोली तीच, नावही खरं, तरी आकडा पडतो. मग लोक म्हणतात, स्ट्रेन 'थकला'. स्ट्रेन थकत नाही हो, आईझाड आजारी असतं आणि त्याची चाचणी कुणी केलेली नसते.

राळरंग
पण हा वायरॉइड एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तो मुख्यतः छाटणीच्या कात्रीने. दर झाडानंतर पातं निर्जंतुक करणं हे वाढवणाऱ्याचंच काम आहे.