जुन्या बोटीचे थ्रू-हल: पितळी बॉल वाल चालेल का?

झुआरीकाठ:
28 फुटी फायबरची शिडाची बोट पावसाळ्यासाठी वर काढली आहे. पाण्याखाली तीन थ्रू-हल, म्हणजे बोटीच्या अंगातून (हलमधून) आरपार जाणारी नळीची तोंडं: इंजिनच्या पाण्याचं पाऊण इंची, संडास आणि कॉकपिटच्या निचऱ्याचं दीड इंची. तिन्हींवर पितळी गेट वाल, दोन जाम. खरवडलं की धातू गुलाबी दिसतो. आतून आधाराला लावलेला प्लायचा ठोकळा दाबला की पाणी सुटतं. म्हापशात पितळी बॉल वाल लगेच मिळतो. तो लावून सिलिकॉन भरलं तर?

चापोराकर:
नको. गुलाबी म्हणजे पितळातलं जस्त गेलं, उरलं ते ठिसूळ तांबं. पाना लावला की मान हातात येते. ब्रॉन्झ, डीझेडआर (जस्त न सोडणारं पितळ) किंवा मॅरलॉन (काचतंतू घातलेलं नायलॉन) घ्या आणि तिन्ही एकदम बदला. पाण्याखाली दोन फुटांवरच्या दीड इंची भोकातून मिनिटाला सव्वाशे लिटरहून जास्त पाणी आत येतं.

आट्यांकडे लक्ष द्या. अमेरिकन थ्रू-हलला दीड इंचात इंचाला साडेअकरा आटे, आपल्याकडच्या बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) वालला अकरा. दोन-तीन फेऱ्या छान जातो, मग अडकतो. लोक जोर लावून 'बसला' म्हणतात. तो बसलेला नसतो, आटे खाल्लेले असतात. दोन्ही एकाच जातीचे घ्या, दुकानातच हाताने फिरवून बघा.

डेकवाला:
भोक पाडताना निघालेली हलची चकती आधी बघा. मधे गाभा म्हणून फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) असेल तर भोकाभोवती इंचभर कोरून काढा, वाळवा आणि दाट केलेलं इपॉक्सी भरून पुन्हा भोक पाडा. नाहीतर पाणी गाभ्यात शिरतं. जुनं भोक मोठं करायचं तर त्यात लाकडी चकती ठोका, होल-सॉच्या (गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या) मधल्या पायलट ड्रिलला मध्य मिळतो.

ठोकळा प्लायचा नको, 12 मिमी फायबर शीट घ्या. इपॉक्सीवर बसवताना थ्रू-हलला चिकटू नये म्हणून मेण लावून त्यानेच आवळा, हलच्या गोलाईची फट आपोआप भरते. पावसात इपॉक्सीवर चिकट थर येतो. पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर, मगच पुढचा थर.

झुआरीकाठ:
चकती सलग फायबरची निघाली, गाभा नाही. सीलंट कुठलं?

चापोराकर:
मग काम अर्धं झालं. पाण्याखाली सिलिकॉन नाही. पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स 291 सारखं. दमट हवेत ते लवकर धरतं, त्यामुळे आधी सगळं कोरडं जुळवून बघा, अ‍ॅसिटोनने पुसा, मगच ट्यूब कापा. बाहेरचं डोकं धरून ठेवा आणि आतला नट फिरवा. डोकं फिरलं तर सीलंटची कडी तुटते. चहूबाजूंनी सारखा सीलंट बाहेर आला की थांबा. सुकल्यावर 'अजून अर्धी फेरी' मारायचा सल्ला ऐकू नका, चिकटलेला जोड सुटतो.

डेकवाला:
होजला 316 स्टीलच्या दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर. वाल तुटला तर भोकात ठोकायला प्रत्येक वालला मऊ लाकडाचं बूच दोरीने बांधा. बोट पाण्यात उतरवताना क्रेनच्या पट्ट्यांवरच थांबवा आणि नटाभोवती टिश्यू पेपर फिरवा. ओला आला तर तशीच पुन्हा वर.