रोलिंग मिलच्या ऑर्डरमध्ये एक कोटीच्या विम्याची अट: स्वतंत्र पीएलसी ठेकेदाराने कोणती पॉलिसी घ्यावी?

प्रश्न: वाळूजचा ऑटोमेशन ठेकेदार

नमस्कार.

मी गेली ११ वर्षे वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांसाठी पीएलसी (यंत्रे नियंत्रित करणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रामिंग, ड्राइव्हचे (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणांचे) कमिशनिंग आणि स्काडाची (संगणकाच्या पडद्यावरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेची) कामे स्वतंत्रपणे करतो. व्यवसाय एकल मालकीचा आहे आणि साइटवर रोजंदारीचा एक वायरमन सोबत असतो. आजवर कोणत्याही कारखान्याने माझ्याकडे विम्याची चौकशी केली नव्हती. आता जालन्यातील एका रोलिंग मिलमध्ये जुना कंट्रोलर काढून नवा पीएलसी बसवण्याचे सव्वासात लाखांचे काम आले आहे. ऑर्डरमधील दोन अटींपाशी मी अडलो आहे. ठेकेदाराने एक कोटी रुपयांचा ‘लायबिलिटी इन्शुरन्स’ काढून गेट पासपूर्वी त्याची प्रत द्यावी, ही पहिली अट. आणि ठेकेदाराच्या कामामुळे होणारे सर्व नुकसान, उत्पादन बंद राहिल्याच्या नुकसानासह, ठेकेदाराने भरून द्यावे, ही दुसरी.

एजंटने पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचे कोटेशन पाठवले असून ‘यात सगळे येते’ असे फोनवर सांगितले. माझी शंका अशी आहे की, माझ्या प्रोग्राममध्ये स्टँडच्या (सळई दाबून पुढे नेणाऱ्या रोलच्या संचांच्या) वेगांचे गुणोत्तर चुकले आणि तापलेली सळई स्टँडबाहेर उसळली, म्हणजे मिलमध्ये ज्याला कॉबल म्हणतात ते झाले, तर एखादा कामगार भाजेल, सळईला दिशा देणारा गाइड किंवा रोल तुटेल आणि मिल सहा-आठ तास बंद राहील. या तिन्हींपैकी या पॉलिसीतून काय मिळते? मी काम सोपवून आल्यानंतर त्यांच्या मेंटेनन्सच्या माणसाने इंटरलॉक, म्हणजे धोक्याच्या स्थितीत यंत्र चालू न देणारी सुरक्षा व्यवस्था, बायपास केला, तर जबाबदारी कोणाची?

उत्तर १: निवृत्त विमा अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

आपली शंका रास्त आहे. ‘यात सगळे येते’ हे वाक्य मी नोकरीत असताना असंख्य वेळा ऐकले. पॉलिसीच्या कागदावर मात्र ते एकदाही छापलेले पाहिले नाही.

आधी कोटेशनवरील नाव नीट वाचावे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालील पॉलिसी ही घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्याच्या मालकाने सक्तीने घ्यायची असते. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर तो कायदा आला आणि आपल्यासारख्या ठेकेदाराशी त्याचा थेट संबंध नाही. नावातील साधर्म्यामुळे एजंट कधी कधी तीच पॉलिसी पुढे करतात. आपल्याला लागते ती सर्वसाधारण पब्लिक लायबिलिटी पॉलिसी वेगळी असते आणि तीही पुरेशी नाही.

आपलेच उदाहरण घेऊ. काम चालू असताना आपल्या हलगर्जीपणामुळे मिलचा कामगार भाजला, तर तो आपल्या दृष्टीने तिऱ्हाईत आहे आणि पब्लिक लायबिलिटीचा हा मूळ विषयच आहे. आपला वायरमन मात्र तिऱ्हाईत नाही. त्याच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते आणि ती एका माणसासाठीही घेता येते. तो जखमी झाला तर मिलच्या मालकाला आधी भरपाई द्यावी लागू शकते, आणि मग ती रक्कम तो आपल्याकडून वसूल करू शकतो. गेटवर या पॉलिसीची प्रत मागतात ती म्हणूनच.

रोल आणि गाइड यांचे गणित थोडे अवघड आहे. विमाधारकाच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेल्या मालमत्तेचे नुकसान या पॉलिसीतून वगळलेले असते. मिल त्यांचे ऑपरेटर चालवत असतील तर हे कलम आपल्याला लागू होऊ नये. पण ट्रायलच्या दिवशी कंट्रोल डेस्कवर आपण बसला असाल, तर ‘ताबा कोणाचा होता’ यावरून सर्व्हेयर (दाव्यातील नुकसान तपासणारा) आणि आपण यांच्यात वाद होणार, हे धरून चालावे. शिवाय ही पॉलिसी मुख्यतः काम चालू असतानाच्या अपघातांसाठी असते. काम सोपवल्यानंतर तीन महिन्यांनी कॉबल झाला तर तो ‘पूर्ण झालेल्या कामा’चा दावा ठरतो. त्यासाठी कमर्शियल जनरल लायबिलिटी, म्हणजे सीजीएल, पॉलिसी पाहावी आणि पूर्ण झालेल्या कामांचे संरक्षण तिच्यात समाविष्ट आहे, याची लेखी खात्री करावी.

तिसऱ्या नुकसानातच आपल्या धंद्याची खरी जोखीम आहे. रोल तुटला आणि त्यामुळे मिल थांबली, तर ते नुकसान मालमत्तेच्या हानीतून उद्भवले असे निदान मांडता तरी येते. परंतु प्रोग्राम अडकला, काहीही तुटले नाही, कोणालाही इजा झाली नाही, आणि मिल नुसती आठ तास उभी राहिली, तर ते निव्वळ आर्थिक नुकसान होय. पब्लिक लायबिलिटी आणि सीजीएल या दोन्हींमध्ये ते सहसा येत नाही. त्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी ही पॉलिसी असते. डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट आणि अभियंते जी घेतात तीच ही. व्यावसायिक कामातील चूक किंवा राहून गेलेली गोष्ट हा तिचा विषय असतो. पीएलसी ठेकेदाराच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, तरीही हीच पॉलिसी सर्वांत कमी लोक घेतात.

एक कोटीचा आकडा कसा लिहिला आहे, तेही पाहावे. पॉलिसीवर एका अपघाताची मर्यादा आणि पूर्ण वर्षाची मर्यादा अशा दोन रकमा असतात. ऑर्डरमध्ये ‘प्रत्येक घटनेसाठी एक कोटी’ असे असेल आणि पॉलिसीत तो आकडा वर्षभराचा असेल, तर गेटवर अडवणूक होईल.

उत्तर २: साखर कारखान्यांची कामे करणारा, लातूर

वरील उत्तर योग्यच आहे. मी अनुभवाची बाजू सांगतो, कारण इंटरलॉक बायपासचा प्रश्न मी स्वतः भोगला आहे.

एका कारखान्यात मी ऊस कॅरिअरच्या ड्राइव्हचा प्रोग्राम लिहून दिला होता. ऐन गाळप हंगामात रात्रपाळीला कॅरिअरची साखळी तुटली आणि गाळप बंद पडले. पहाटे त्यांच्या इंजिनिअरचा मोबाइलवर संदेश आला आणि मी झोपेतच उत्तर लिहिले, ‘माझ्याकडूनच काही राहिले असेल, येऊन बघतो.’ पुढे कारखान्याला त्यांच्या विमा कंपनीने यंत्र बिघाडाचा दावा मंजूर केला आणि काही महिन्यांनी त्याच कंपनीच्या वकिलाची नोटीस मला आली. भरपाई दिल्यानंतर विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून दोषी वाटणाऱ्याकडे वसुली मागू शकते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मालकाशी आपले संबंध किती घरोब्याचे आहेत, याला तिथे काही अर्थ उरत नाही.

माझी सुटका जुन्या बॅकअपने केली. काम सोपवताना घेतलेला प्रोग्राम आणि अपघातानंतर पीएलसीमधून काढलेला प्रोग्राम शेजारी ठेवून तपासले, तेव्हा ओव्हरलोड झाल्यास ड्राइव्ह बंद करणाऱ्या ट्रिपचा टायमर पाळीतील कोणीतरी वाढवून ठेवलेला आढळला. मात्र पहाटेच्या त्या एका ओळीवरून माझ्याच विमा कंपनीने हरकत घेतली, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये अशी पॉलिसीची अट असते. ती हरकत मिटवायला मला बराच काळ लागला.

त्यानंतर मी काम सोपवताना प्रोग्रामचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवतो, प्रत्येक इंटरलॉक त्यांच्या माणसासमोर चालवून दाखवतो, एकही इनपुट किंवा आउटपुट फोर्स केलेला (प्रोग्राम डावलून हाताने ठरवून ठेवलेला) राहिला नाही हे नोंदवतो आणि त्या कागदावर त्यांच्या इंजिनिअरची तारखेसह सही घेतो. सहीला टाळाटाळ होते, पण शेवटचे बिल त्याच कागदासोबत लावले की ती मिळते. लॅपटॉपवरून दूरस्थ जोडणी करून प्रोग्राम बदलत असाल, तर त्या प्रत्येक बदलाची नोंदही ठेवावी.

उत्तर ३: वकील, जालना

पॉलिसी घेण्याआधी ऑर्डरची दुसरी अट बदलून घ्यावी. करारभंग झाल्यास त्यातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान मागता येते, दूरचे आणि अप्रत्यक्ष नुकसान मागता येत नाही, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ सांगते. आपण मात्र ‘उत्पादन बंद राहिल्याच्या नुकसानासह सर्व’ यावर सही केली, तर कायद्याने न येणारे ओझे स्वतःहून अंगावर घेता. दायित्वाच्या पॉलिसींमध्ये करारामुळे वाढवून घेतलेली जबाबदारी बहुधा वगळलेली असते. विलंबाच्या दंडाचेही तसेच. त्यामुळे ते ओझे विम्याविना आपल्याच डोक्यावर राहते, आणि एकल मालकीत ते घर आणि शेतापर्यंत पोहोचते.

एकूण जबाबदारी ऑर्डरच्या रकमेइतकी किंवा पॉलिसीच्या रकमेइतकी मर्यादित राहील आणि उत्पादन नुकसान वगळले जाईल, असे कलम मागावे. मिलच्या विमा कंपनीने वसुलीचा हक्क सोडावा, हेही मागून पाहावे. ते मिळेलच असे नाही.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा सर्वांचे आभार. मिलच्या खरेदी विभागाशी बोललो. उत्पादन नुकसान वगळायला ते तयार नाहीत. मात्र एकूण जबाबदारी ऑर्डरच्या रकमेच्या दुपटीपर्यंत, म्हणजे साडेचौदा लाखांपर्यंत, मर्यादित करायला तयार झाले आहेत. मी सीजीएल, प्रोफेशनल इन्डेम्निटी आणि वायरमनसाठीची अशा तीन पॉलिसींचे कोटेशन मागवले आहे. एक शंका उरते. गेल्या ११ वर्षांतील माझ्या जुन्या प्रोग्राममधून उद्या दावा आला, तर नवी इन्डेम्निटी पॉलिसी कामी येईल काय?

उत्तर ४: निवृत्त विमा अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

तसे गृहीत धरू नये. ही पॉलिसी दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळावर चालते, पण मूळ चूक ‘पूर्वलक्षी तारखे’नंतर झालेली असावी लागते. पहिल्या वर्षी ही तारीख बहुधा पॉलिसी सुरू होण्याचीच असते. ती मागे न्यायची असेल तर आताच मागावी आणि त्यासाठी जादा प्रीमियमची तयारी ठेवावी. जुन्या कामांपैकी एखाद्यात तक्रार आधीच आलेली असेल, तर ती प्रपोजल फॉर्ममध्ये लिहावी. लपवली तर ऐन दाव्याच्या वेळी पॉलिसीच नाकारली जाऊ शकते. पुढे नूतनीकरणात एकाही दिवसाचा खंड पडू देऊ नये, कारण खंड पडला की ही तारीख पुन्हा पुढे सरकते आणि मधल्या सर्व वर्षांची कामे उघडी पडतात. ऑर्डर जालन्याची असली तरी फॉर्ममध्ये कामाचे क्षेत्र ‘संपूर्ण भारत’ लिहावे आणि पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) पूर्वलक्षी तारीख छापून आलेली पाहिल्यानंतरच मिलला प्रत द्यावी.