कौल मिळेपर्यंत कौलं बदलायची नाहीत?

लालमाती: मालवण तालुक्यातलं आमचं घर पाच हिश्शांचं. माजघरावरचे वासे वाळवीने पोकळ झालेत, मंगळुरी कौलं घसरतायत. दोन वर्षांपूर्वी काकांनी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, ओली पाकळी पाषाणाला चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. ती पडलीच नाही. काका म्हणाले, देव थांब म्हणतोय. मग गेल्या वर्षीही तेच. गेल्या पावसात आईने माजघरात सहा टोपं मांडली होती, दर तासाला उठून ओतायची. देव मी मानतो. पण ही वाट पाहणं की टाळाटाळ?

देवचार: देवाला विचारलंत ना, मग उत्तर येईपर्यंत थांबा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. भराडीदेवीचा कौल होतो तेव्हा कळते, आणि तरी लाखो माणसं जातात. देवीला कोणी घाई करत नाही.

खारवी: जत्रा पंधरा दिवस पुढे गेली म्हणून कोणाच्या डोक्यावर वासा पडत नाही, देवचारभाऊ. आणि आचऱ्याची गावपळण आठवा. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर, तीन दिवस तीन रात्री. तिथे देव माणसाला हलवतो. तुम्ही बसवायला वापरताय.

देवचार: सोयीचा देव तेवढा हवा. उजवी पडली की जागृत देवस्थान, नाही पडली की अंधश्रद्धा!

पावट्याची_आमटी: मावशीच्या छातीत गाठ होती. पाकळी डावी आली म्हणून ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. वाचली, पण ते सहा महिने घरात कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही, माफ करा.

देवचार: ताई, दुखण्यात थांबा असं मीही म्हणणार नाही. माझ्याच वडलांना आधी दवाखान्यात नेलं, नारळ नंतर ठेवला.

गाऱ्हाणं: आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गुरवकी आहे, म्हणून विचारतो. प्रश्न काय घातला होता? "दुरुस्ती करू का" की "कोणाच्या नावाने करू"? दुसरं म्हणजे, देवळात हिस्सेदार किती उभे होते? पाकळी अडली की माझे आजोबा आधी मागे वळून माणसं मोजायचे. कोण आलं नाही ते विचारायचे. बरेचदा गाठ तिथेच असायची. थांबणं असतं ते त्या न आलेल्या माणसासाठी. नुसतं घरी बसून राहण्याला आमच्यात कोणी कौल म्हणत नाही.

लालमाती: दोनच होते. काका आणि मी. गोरेगावचा चुलतभाऊ वाटणीवरून रुसलाय, असं काकाच सांगत आलेत.

खारवी: घ्या. देव बिचारा उगाच बदनाम.

देवचार: तरी पाकळी अडली ती बरोबरच अडली ना? मी तेच म्हणतोय.

लालमाती: आत्ताच त्याला फोन लावला. म्हणाला, "मी कधी नको म्हटलं? मला विचारलंच कुणी नाही." शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने दोघे निघतोय. रविवारी सगळ्यांनी मिळून पुन्हा गाऱ्हाणं घालू. पाकळी काही म्हणो, माजघरावर ताडपत्री मात्र त्याच दिवशी चढणार, तेवढं काकांना सांगून टाकलंय. ताडपत्री मुंबईतून आणू की तिकडे मिळेल?

गाऱ्हाणं: कणकवलीत मिळेल. जाडी घ्या, आणि वर सुंभ नको, नायलॉनची दोरी बांधा. मृग तोंडावर आलाय.